कालकथित आल्दो बेल्त्रामी स्मृतिचषक

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत दर जानेवारीत फुटबॉलची एक स्पर्धा भरते. तिचं नाव वाचताना बाहेरून आलेल्या टीमचा कॅप्टन एकदा तरी अडखळतोच: कालकथित आल्दो बेल्त्रामी स्मृतिचषक. करोनाची दोन वर्षं सोडली तर ही स्पर्धा कधी चुकली नव्हती, आणि यंदा तिचं पंचविसावं वर्ष होतं. ती सुरू केली भीमराव शेजवळांनी. नाव दिलं त्यांनीच. 'कैलासवासी' लिहायचं की 'कालकथित' यावरून त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात वाद झाला तेव्हा "आम्ही आमच्या माणसाला कालकथित म्हणतो, आणि साहेब आमचेच होते" असं म्हणून टेबलावर हात आपटला, तोही त्यांनीच. त्यामुळं डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी जे कळलं, त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय त्यांना उरली नव्हती.

बेल्त्रामी साहेब जिवंत आहेत, असं कळलं.

भीमरावांची धाकटी मुलगी पायल ठाण्याला बँकेत आहे. रौप्यमहोत्सव म्हणून तिनं स्पर्धेचं पेज काढलं आणि त्यावर साहेबांचा हार घातलेला फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी इटलीहून मार्ता नावाच्या बाईचा निरोप आला. पायलनं तो कुळगावच्या घरात, चहाच्या कपांसमोर बसून वडिलांना मराठीत सांगितला.

"पप्पा, ती म्हणते, हा माझ्या वडिलांचा फोटो आहे. माझे वडील कधी इटलीच्या बाहेर गेले नाहीत. इंडियाला आले होते ते माझे काका, रेंझो. ते ऐंशी वर्षांचे आहेत, आत्ता माझ्या शेजारी बसलेत. तुम्ही माझ्या वडिलांना फुलं का घातलीत?"

भीमरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कपाटातली माझी फाइल आण. सर्टिफिकेटांची."

ती फाइल उघडण्याआधी थोडं मागं जायला हवं.

सत्त्याण्णव साली कंपनीत दोन मोठ्या प्रेस मशिनी आल्या, थेट इटलीहून, लाकडी पेट्यांतून. त्या बसवायला एक माणूस आला. बावन्न वर्षांचा, दाढीवाला, डाव्या पायानं लंगडणारा, डोक्यावर सदा टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा. आपल्याकडं साहेबाला नाव नसतं, आडनाव असतं आणि त्यापुढं साहेब असतं. हा बेल्त्रामी साहेब झाला. अकरा महिने तो अंबरनाथला राहिला, आठवड्यातून दोनदा भीमरावांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, शीलावहिनींच्या हातची भाकरी खाऊन गेला, आणि बाबा, तुझं स्वतःचं नाव काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. विचारणं उद्धटपणाचं वाटलं असतं, असं भीमराव पुढं म्हणत. असेल. पण माणूस मात्र त्यात हरवतो.

भीमराव तेव्हा चौतीस वर्षांचे. खेळावरच नोकरी लागलेली, कंपनीच्या टीमचे कॅप्टन आणि स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध खेळणारे. एका संध्याकाळी कंपनीमागच्या मैदानावर उल्हासनगरच्या एका टीमनं त्यांना पाच गोल मारले. बेल्त्रामी साहेब कंपाउंडला टेकून सिगारेट ओढत बघत होता. दुसऱ्या दिवशी तो पेट्यांची नायलॉनची दोरी घेऊन मैदानात आला आणि मागच्या चौघा खेळाडूंच्या कमरा एका दोरीत बांधल्या, मध्ये आठ-आठ पावलांचं अंतर ठेवून. बॉल नाहीच. नुसतं चालायचं, धावायचं, वळायचं, आणि चौघांनी मिळून. एक चुकला की चौघं पडायचे. मैदानाबाहेर बघे जमले आणि हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. महिनाभर हे चाललं. दुसऱ्या महिन्यात दोरी सोडली, आणि चौघं तरीही एका रेषेत फिरायला लागले. हसणं तेव्हा बंद झालं.

त्याची कहाणी मोडक्यातोडक्या इंग्रजीतून, हातवाऱ्यांतून हळूहळू कळत गेली. तोही स्टॉपर होता. नऊ वर्षं तिकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या टीमांतून खेळला. नाव झालं नाही, पण पगार मिळाला. एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग दिवसा प्रेसच्या कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी गावच्या टीमचा कोच. "आमच्याकडं खेळाडू कोचला मिस्टर म्हणतात, तुम्हीही म्हणा," असं तो म्हणाला. आपल्या बायका नवऱ्याचा उल्लेख मिस्टर म्हणून करतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. टीम तोंड दाबून हसली आणि साहेबच म्हणत राहिली.

जायच्या आधी तीन महिने त्यानं भीमरावांना बाजूला घेतलं आणि हातानं खूण केली: तू आता बाहेर, माझ्या शेजारी. खेळणं बंद. भीमराव त्या रात्री जेवले नाहीत. ज्या खेळावर पोट भरलं तो खेळ एका परक्या माणसानं एका बोटानं काढून घेतला, म्हणून त्यांनी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण बाहेर उभं राहिल्यावर आठवड्याभरात त्यांना मैदान असं दिसायला लागलं की पंधरा वर्षं आपण आंधळे होतो असं त्यांना वाटलं. भीमराव शेजवळ खेळाडूपासून कोच झाले ते असे. पुढं त्यांच्या टीमनं कंपन्यांची शिल्ड तीनदा जिंकली. ठाणे जिल्ह्याच्या टीमला सहा पोरं त्यांच्या हाताखालून गेली. आज साठीनंतरही सकाळी सहाला ते शिट्टी घेऊन मैदानावर असतात. हे सगळं कुणामुळं, हे ते कधी विसरले नाहीत, आणि म्हणून तर पुढचा घोळ झाला.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात भीमरावांच्या नावानं कंपनीत एक लिफाफा आला. आत निळ्या शाईत लिहिलेली चार पानं, आणि हाताच्या पंजाएवढं एक छापील कार्ड. कार्डावर एका माणसाचा फोटो, वर क्रूस, खाली 'आल्दो बेल्त्रामी', दोन वर्षं: १९४३, १९९९. तेव्हाच्या पर्सनल ऑफिसरनं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "गेले बिचारे. घरच्यांनी कळवलंय." चेहरा साहेबांचाच होता. दाढी नव्हती, पण आजारपणात काढली असेल, असं गोलकीपर कैलास म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. पत्राखाली 'रेंझो' अशी सही होती. हा मुलगा असणार, असं ठरलं. पत्र इटालियनमध्ये होतं, ते वाचणारं अंबरनाथमध्ये कुणी नव्हतं, आणि गेलेल्या माणसाच्या घरून आलेल्या पत्रात वेगळं काय असणार? मुलाला उत्तर लिहायचं म्हटलं तर कुठल्या भाषेत लिहायचं, हा प्रश्न. त्यापेक्षा साहेबांच्या नावानं काहीतरी करून दाखवू, असं भीमराव म्हणाले. पत्राला उत्तर देण्यापेक्षा आपल्याला स्मारक करणं सोपं जातं.

विहारात शोकसभा झाली. टीमनं उभं राहून त्रिसरण-पंचशील म्हटलं, कारण परक्या मुलखात त्या माणसासाठी म्हणणारं दुसरं कोण होतं. कार्डावरचा फोटो मोठा करायला भीमराव स्वतः उल्हासनगर कॅम्प एकला एका सिंधी फोटोवाल्याकडं गेले. "साईं, स्वेटर अच्छा नहीं दिखता, कोट पहना दूँ? बड़ा आदमी लगेगा," तो म्हणाला, आणि त्यानं निळा कोट चढवला. जानेवारीत स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून दरवर्षी फायनलआधी फोटोला हार, मेणबत्ती, दोन मिनिटं स्तब्धता. ते पत्र भीमरावांनी आपल्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर, जपून ठेवलं.

आता पायलनं त्याचं एकेक पान फोनखाली धरलं. फोन इटालियनचं इंग्रजी करत होता, ती इंग्रजीचं मराठी.

प्रिय भीम, आल्दो गेला. माझा मोठा भाऊ. त्याचं कार्ड पाठवतो आहे, तू त्याला ओळखत नाहीस पण माझ्याकडून त्याच्याबद्दल ऐकलं आहेस. टीम या मोसमात खालच्या पायरीवर गेली आणि मला काढून टाकलं. गावात लोक माझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या एका गावची टीम आहे, ते विचारतात, येशील का. घ्यावी की नाही मला कळत नाही. आता वाटतं की मी कुणाला काही शिकवलं की नाही कोण जाणे. तुझी लाइन टिकली का? कोण कुठं उभं राहतं, ते लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. तुझ्या भाषेत लिही, मी कुणाकडून तरी वाचून घेईन. वाट पाहतो. रेंझो.

भीमराव उठून गॅलरीत गेले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. माणूस मेला म्हणून आपण सव्वीस वर्षं रडलो आणि तो तिकडं पोस्टमनची वाट बघत बसला होता, एवढंच त्यांच्या डोक्यात घण घालत राहिलं. पायल मागं येऊन उभी राहिली. शहाणी पोर.

आठवड्याभरात सगळं आणखी अवघड झालं. कंपनीचा एचआरमधला उन्मेष, पस्तिशीचा, हुशार, स्पर्धेचा खर्च मंजूर करणारा. त्यानं मार्ताला परस्पर उत्तर पाठवून टाकलं होतं: फोटो डिझायनरनं जुन्या कार्डावरून चुकून टाकला, क्षमस्व, स्पर्धा मात्र तुमच्या काकांच्याच सन्मानार्थ पंचवीस वर्षं चालू आहे, फायनलला त्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून यावं. आणि तिचं उत्तर आलं की काका ऐकून रडले, डॉक्टर नको म्हणत होते, तरी ते येणार म्हणजे येणार.

"उन्मेष सर, तुम्ही खोटं कळवलंत," भीमराव म्हणाले. ते, कैलास आणि उन्मेष कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसले होते.

"काका, खोटं कसलं? सन्मान तर आहेच ना. ऐंशी वर्षांचा माणूस एवढा लांबून येतोय, खुश होऊन येतोय. त्याला काय सांगायचं, तुम्हाला आम्ही मेलेलं समजलो? नावातनं 'कालकथित' आणि 'स्मृती' काढू, 'आल्दो'च्या जागी 'रेंझो' टाकू. फ्लेक्सवाला एका दिवसात देतो. कपावर नवीन पट्टी चिकटवू. फोटो स्टोअरमध्ये."

"भीमा, सर बरोबर बोलतायत," कैलास म्हणाला. तो अजूनही भीमरावांना नावानंच हाक मारणारा एकटा माणूस. "आपण अंदर की बात अंदर ठेवू. म्हाताऱ्याला दोन दिवस सुखानं जाऊ दे. तुझं मन साफ करायला त्याला कशाला रडवतोस?"

हे शेवटचं वाक्य भीमरावांना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. खरं सांगितलं तर आपल्याला मोकळं वाटेल आणि त्याच्या हातातलं एकुलतं एक सुख जाईल. नाही सांगितलं तर तो आनंदानं परत जाईल, आणि आपण उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढू. हे दोन्ही तोलत ते कॅन्टीनच्या टेबलाकडं बघत राहिले आणि मूग गिळून गप्प बसले. उन्मेषनं तो होकार समजला. तसा तो होताही.

अठरा जानेवारीला, रविवारी, फायनलच्या दिवशी दुपारी तीनला गाडी मैदानाच्या फाटकाशी थांबली. साहेब आधी काठी बाहेर टाकून मग उतरले. दाढी पांढरी, अंग निम्मं झालेलं, टोपी तीच वाटावी अशी. सोबत मार्ता, साठीकडं झुकलेली, गंभीर चेहऱ्याची बाई. भीमराव पुढं गेले आणि पाया पडायला वाकले. साहेबांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मैदानातली पोरं हसली. भीमरावांना त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

साहेब स्टेजसमोर थांबले. नव्या फ्लेक्सवर इंग्रजीतही मोठं लिहिलं होतं: रेंझो बेल्त्रामी चषक, रौप्यमहोत्सवी वर्ष. त्यांनी काठीच्या टोकानं आपल्या नावाची अक्षरं हवेतच एकेक करून गिरवली. मग काहीतरी बोलले. मार्तानं त्याचं इंग्रजी केलं, पायलनं मराठी.

"म्हणतात, आमच्या गावात माझं नाव फक्त दाराच्या घंटीखाली आहे. तेही उन्हानं उडालंय."

उन्मेषनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. खुर्चीवर बसल्यावर साहेबांनी भीमरावांना शेजारी बसवून घेतलं, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच एक प्रश्न विचारला. रागानं नाही. बरेच दिवस जपून ठेवलेला विचारतात तसा.

मार्तानं तो पायलला सांगितला. पायलनं वडिलांकडं पाहिलं.

"पप्पा, ते विचारतात, मी नव्व्याण्णवला एक पत्र लिहिलं होतं. ते पोचलं नाही का?"

मागून उन्मेष झुकला. "पायल, सांग ना, पोचलंच नाही म्हणून. पोस्टात गहाळ झालं असेल. सिंपल."

खरंच सोपं होतं. पायलला नुसता एक शब्द उच्चारायचा होता, आणि साहेबांचा चेहरा सांगत होता की त्यांना तोच ऐकायचा आहे. सव्वीस वर्षं त्यांनी स्वतःला तीच समजूत घातली असणार. पायल वडिलांकडं बघत थांबली. तिनं स्वतःहून काही ठरवलं नाही, आणि भीमरावांना पोरीचा अभिमान वाटला आणि धडकीही भरली.

"पोचलं, म्हणून सांग," ते म्हणाले.

उन्मेषनं कपाळावर हात मारला. भीमराव उठले. साहेबांना हात देऊन त्यांनी उठवलं, आणि मैदानाच्या कडेच्या, गोलच्या जाळ्या नि खुर्च्या ठेवायच्या पत्र्याच्या खोलीकडं नेलं. मागोमाग मार्ता, पायल, आणि पाय ओढत कैलास. आत जुन्या फ्लेक्समध्ये गुंडाळलेला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. भीमरावांनी फ्लेक्स सोडला. गेल्या वर्षीचा वाळलेला हार काढायचा राहून गेला होता. झेंडूच्या पाकळ्या जमिनीवर पडल्या.

"साहेब," भीमराव त्यांच्या इंग्रजीत बोलायला लागले, कारण हे दुसऱ्याच्या तोंडून जाता कामा नये असं त्यांना वाटलं. "कार्ड कम. वी सी फोटो. वी थिंक, यू डाय. लेटर नोबडी रीड. आय नॉट रीड. ट्वेंटी सिक्स इयर." पुढचं इंग्रजी त्यांच्याकडं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि उरलेलं मराठीत सांगितलं, शोकसभा, विहार, स्पर्धा, कॅम्प एकचा फोटोवाला, आणि हेही की नवा फ्लेक्स कालचा आहे, खरं नाव वेगळं होतं. पायल एकेक वाक्य पुढं देत गेली.

साहेबांनी काही ऐकलं की नाही कळेना. ते फोटोसमोर उभे होते. मार्तानं तोंडावर हात धरला होता. बऱ्याच वेळानं साहेबांनी फोटोतल्या कोटाच्या बाहीवर बोट ठेवलं.

"म्हणतात, आल्दोकडं कोट नव्हता," पायल म्हणाली.

मग ते बोलत राहिले, थांबून थांबून, आणि दोघी ते मराठीपर्यंत आणत राहिल्या. आल्दोनं एकतीस वर्षं गावच्या टीमचे कपडे धुतले. मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या. रेंझोचा गुडघा गेला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन जिने चढवले, आणि कोच हो, असं पहिल्यांदा त्यानंच सांगितलं. तो मंगळवारी गेला. रविवारी गावात मॅच होती. टीममधून रेंझोला तेव्हा नुकतंच काढलेलं. फाटकाबाहेर उभं राहून त्यानं पाहिलं. शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली. कपडे धुणाऱ्या माणसासाठी कुणी मिनिटभर थांबलं नाही.

"इकडं किती लोक उभे राहायचे, विचारतात," पायल म्हणाली.

याचं उत्तर कैलासनं दिलं. "पहिल्या वर्षी दोनशे. आता हजाराच्या वर. बोल त्यांना, एक पोरगंसुद्धा हलत नाय. आमचा भीमा हलू देत नाय."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

साहेब तिथल्या एका खुर्चीवर बसले आणि रडले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, नाक पुसत. मार्ता त्यांच्यापाशी खाली बसली. तिच्या बापाचं नाव शेकडो परक्या लोकांनी दरवर्षी उभं राहून घेतलं होतं, आणि तिला ते या पत्र्याच्या खोलीत कळत होतं. भीमरावांना वाटलं, झालं, सुटलो. चुकीतून चांगलंच निघालं म्हणायचं.

साहेबांनी मान वर केली ती सरळ त्यांच्याकडं. बोलताना आवाज शांत होता.

पायल जरा घुटमळली. "पप्पा, ते म्हणतात, आल्दोसाठी मी तुझे आभार मानतो. जन्मभर मानीन. पण माझं पत्र वेगळं. त्याची मी नाताळपर्यंत वाट पाहिली. मग त्या दुसऱ्या गावाला नाही म्हणून कळवलं. त्यानंतर कुठलीच टीम घेतली नाही. तुझ्यामुळं असं मी म्हणत नाही. पण वाट पाहिली होती."

माफी मागायला भीमरावांनी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात आडवा केला आणि बाहेर मैदानाकडं बोट दाखवलं. चार वाजत आले होते, टीमा थांबल्या होत्या.

फोटो बाहेर आला. कैलासनं आणि दोन खेळाडूंनी तो उचलून आणला आणि नव्या फ्लेक्सच्या खाली, टेबलावर ठेवला. उन्मेषनं अडवलं नाही. त्याचा चेहरा पडला होता, पण हार त्यानंच कुठून तरी मागवला, हे सांगायला हवं. भीमरावांनी माइक घेतला आणि हजार माणसांसमोर जसं घडलं तसं सांगितलं: चूक माझी, पत्र माझ्या नावाचं होतं, ते मी वाचून घेतलं नाही, हे आपले साहेब, रेंझो बेल्त्रामी, आणि फोटोतले हे त्यांचे मोठे भाऊ, आल्दो. स्पर्धा त्यांचीच आहे आणि नावही जुनंच राहील. मैदानात कुजबुज झाली, कुणी हसलंही. मग साहेब काठी टेकत उठले, त्यांनी टोपी काढली, आणि मैदान गप्प झालं.

दोन मिनिटं झाल्यावर सगळे बसले. रेफरी मधल्या वर्तुळाकडं निघाला. साहेबांनी टोपी घातली, भीमरावांकडं वळले आणि एकच शब्द म्हणाले. त्याचं भाषांतर लागलं नाही. सांग, असा तो शब्द होता.

"आपल्या लाइनमधला राजेंद्र आता बदलापूरला असतो साहेब, गुडघे गेले त्याचे..." भीमरावांनी सुरुवात केली. पायलनं ते पुढं दिलं तसं साहेबांनी डोकं हलवलं. आत्ताचं नको. तेव्हाचं.

भीमराव थांबले. मैदानाकडं बघत त्यांनी नव्व्याण्णवचा ऑक्टोबर आठवला. मग पत्राचं उत्तर लिहून घ्यायला सांगावं तसं सावकाश सांगायला लागले.

"साहेब, पत्र मिळालं. आल्दोभाऊंचं वाचून वाईट वाटलं. आमची लाइन टिकली आहे. डावीकडं राजेंद्र. त्याच्या शेजारी माझ्या जागी आता बुद्धभूषण, तो माझ्यापेक्षा बरा आहे. उजवीकडचे दोघं तेच. मागच्या आठ मॅचमध्ये आम्ही तीनच गोल खाल्ले." पायलचा आवाज त्यांच्या मागून येत होता, तिच्या मागून मार्ताचा. "हे सगळं तुम्ही शिकवलंत. दुसऱ्या कुणी नाही शिकवलं." इथं ते अडले, मग पुढचं सांगितलं. "तुम्ही विचारलंत, त्या शेजारच्या गावची टीम घ्यावी का. घ्या साहेब. नक्की घ्या."

मार्तानं ते सांगितलं. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, विचार केल्यासारखे थोडं थांबले, आणि बरं म्हणून मान हलवली. समोर मॅच सुरू झाली होती.